तात्यांची डावी हासळी

तात्या गेल्याची बातमी मला एस.टी.च्या कंडक्टरनं आणून दिली. दुपारचे बारा वाजायला आले होते. इंदापूरच्या आमच्या दवाखान्यात बाकावर आठ-दहा माणसं बसून होती आणि मी एका लहान मुलाच्या कानात औषध घालत होतो. कंडक्टर दारातच थांबला, टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "डॉक्टर, वरकुट्याचा निरोप हाय. तुमचं तात्या सकाळी न्याहारी करून आडवं झालं, ते उठलंच न्हायती." मी "बरं" म्हणालो. मग मुलाला कूस बदलायला लावली, दुसऱ्या कानात मोजून तीन थेंब टाकले आणि त्याच्या आईला सांगितलं, की दोन दिवस डोक्यावरून पाणी घेऊ नका. ती बाई माझ्याकडे बघत राहिली. तिनं निरोप ऐकला होता. मीही ऐकला होता, पण माझ्यापर्यंत तो पोचला नव्हता... अजूनही पुरता पोचलेला नाही. याला आता सात आठवडे होतील. कुणी विचारलं तर बरा आहे म्हणून सांगतो, आणि जेवणखाण, झोप, काम सगळं वेळच्या वेळी होतं.

या पुरवणीत बहुधा मोठ्या माणसांवर लिहिलेलं येतं. आमचे तात्या मोठे नव्हते. त्यांना अक्षरओळखही नव्हती. ते माझे थोरले चुलते. आमच्या घराची मेंढरं होती आणि माझे वडील वर्षातले सात-आठ महिने कळपामागं फिरतीवर असत. गुडघे धरायला लागल्यावर तात्यांनी फिरणं सोडलं आणि ते वरकुट्यात घर आणि दीड बिघा जमीन सांभाळत राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळं मला पाटी घेऊन देण्यापासून बारामतीच्या बोर्डिंगात पोचवण्यापर्यंतचं सगळं त्यांनीच केलं. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी विचारलं, मुलाला पुढं काय करायचंय? तात्या म्हणाले, "ते आमाला काय ठावं? तुमीच बगा की, कशाला लागतंय ते." आमच्या घरात शिकलेलं माणूसच नव्हतं. शिकून काय काय होता येतं, याची यादी आमच्याकडं नव्हती.

तात्या हाडं बसवायचे. आधी मेंढरांची, मग माणसांची. पंचक्रोशीत कुणी झाडावरून पडलं, कुणाचा हात मोटेच्या दोरात सापडला, की गाडी आमच्या दारात यायची. तात्या आधी तळहात एकमेकांवर घासून गरम करायचे. "गार हातानं मेंढरू बिचकतं, मानूस त्याहून बिचकतं," असं म्हणायचे. मग डोळे मिटून बोटं चालवायचे. मी सात-आठ वर्षांचा असेन, तेव्हा त्यांनी एकदा बंडीची गुंडी सोडली, माझं बोट धरून आपल्या डाव्या हासळीवर, गळ्याखालच्या आडव्या हाडावर, ठेवलं आणि म्हणाले, "हितं बोट ठेव. लागली का गाठ?" हासळीच्या मधोमध बोराएवढी कठीण गाठ होती. तरणेपणी एका एडक्यानं धडक देऊन ते हाड मोडलं होतं. माळावर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच पटक्यानं हात छातीशी बांधून घेतला आणि तसेच कळपामागं चालत राहिले. हाड जुळलं, पण वाकडं. "दुसऱ्याचं सरळ बसवलं, माजं तेवढं ऱ्हायलं," असं सांगून ते हसायचे. हाडाशी माझी पहिली ओळख ती.

मॅट्रिकला आणि नंतर पुण्यात इंटर सायन्सला मला चांगले गुण मिळाले आणि बावन्न साली मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. मी डॉक्टर व्हायचं ठरवलं होतं, असं म्हणता येणार नाही. गुण होते म्हणून वर्गमित्रांनी फॉर्म भरला, मीही भरला. तात्यांनी गावात पेढे वाटले नाहीत. प्रत्येकाला थांबवून नुसतं सांगितलं, की आमचा म्हादू आता सरकारी हाडं बसवणार. आणि मी पुण्याला गेलो.

तिथल्या पहिल्या तीन महिन्यांबद्दल मी घरी कधीच काही बोललो नाही. शिकवणं सगळं इंग्रजीत. शेजारी बसणारी मुलं डॉक्टरांच्या घरातली, त्यांच्या कानांवर ते शब्द लहानपणापासून पडलेले. मी वहीत लिहून घ्यायचो आणि खोलीवर येऊन त्या शब्दांचा अर्थ शोधत बसायचो. पण ते चाललं असतं. चाललं नाही ते शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये. घेरी येऊन पडणारी मुलं वेगळी होती, मी त्यांच्यातला नव्हतो. मी मेंढरं कापलेली पाहिली होती, अडलेली कोकरं हातानं ओढून काढली होती. आमच्या टेबलावर एक म्हातारा होता. बाकीचे पाच जण हाताच्या बाजूनं कामाला लागले. मी पायाशी उभा होतो आणि त्याच्या टाचांना भेगा होत्या. खोल, काळ्या, माती बसलेल्या. औषधाच्या पाण्यातही ती माती निघाली नव्हती... मला काहीच वाटलं नाही, आणि काहीच न वाटण्याची मला भीती वाटली. त्या दिवसापासून अन्नाला चव राहिली नाही. मी रोज हॉलमध्ये जायचो, सांगतील ते करायचो आणि मनात एकच यायचं, की हे आपलं काम नव्हे.

दिवाळीच्या सुट्टीच्या महिनाभर आधी हॉलमध्ये शिकवणाऱ्या आमच्या डेमॉन्स्ट्रेटरनी सांगितलं, की सुट्टी संपली की हाडांची तोंडी परीक्षा. ज्याला हाडं येत नाहीत त्यानं पुढच्या टर्मला तोंड दाखवू नये. अभ्यासासाठी प्रत्येकाला हाडांचा अर्धा संच लागायचा. माझ्यापुढच्या वर्गातल्या जोगळेकर नावाच्या मुलानं आपला संच मला वापरायला दिला. खऱ्या माणसाची हाडं, पिवळट झालेली. स्नायू कुठं सुरू होतो ते कळावं म्हणून त्यांवर तांबड्या रंगाच्या रेघा ओढलेल्या, आणि कुठं संपतो तिथं निळ्या. मी ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत घातली आणि वरकुट्याला आलो. वाटेत एस.टी.तच ठरवलं, की परत जायचं नाही. बारामतीच्या माझ्या शाळेत विज्ञान शिकवायला माणूस हवा होता आणि हेडमास्तरांना मी आवडायचो. घरी काही न सांगता, मित्राला भेटून येतो म्हणून मी दोन दिवसांसाठी बारामतीला गेलो. हेडमास्तर म्हणाले, विचार पक्का आहे ना? मी हो म्हणालो. ते म्हणाले, मग संस्थेत विचारून तुला कार्ड टाकतो.

परत आलो तेव्हा तात्या अंगणात बाजेवर बसून होते. अंगावर धुतलेलं धोतर, नवा पटका. मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"तुजं काम करून आलो बग," ते म्हणाले.

माझं कोणतं काम, ते मला कळेना. ते सांगत गेले आणि मी ऐकत उभा राहिलो. माझे कपडे धुवायला काढावेत म्हणून चुलतीनं ट्रंक उघडली होती. फडक्यात कवटी दिसल्यावर ती बाहेर येऊन बसली. मग तात्यांनी एकेक हाड हातात घेऊन पाहिलं. त्यांवरच्या तांबड्या रेघा त्यांना कुंकवाच्या वाटल्या. त्यांचा तर्क सरळ होता. पुण्यात कुणाचं तरी माणूस गेलं, घरच्यांनी अस्थींना कुंकू लावलं, पूजा केली आणि पोरगं नीरा-भीमेच्या संगमाकडचं आहे म्हणून माझ्या हवाली केल्या. आणि मी शिकलेला, मला लाज वाटली किंवा विसर पडला, म्हणून त्या ट्रंकेतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळी हाडं नव्या मडक्यात भरली, तोंडाला फडकं बांधलं, इंदापूरहून एस.टी. धरली आणि नरसिंहपूरला जाऊन संगमावर सोडून आले. मडकं वाटभर मांडीवर होतं. कंडक्टरनं काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, "घरचं मानूस हाय, तिकीट लागतंय का?"

"कुनाची व्हती रं ती?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "मला न्हाय ठावं."

"बाई व्हती," तात्या म्हणाले. "खुबा रुंद व्हता. लेकुरवाळी असंल. नाव ठावं नव्हतं, म्हनून पान्याला नुसतं बाई म्हनून सांगितलं."

महिनाभर ती हाडं माझ्या उशाशी होती. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

पण त्या क्षणी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुटलो, असं मला आधी वाटलं. आता कारण मिळालं होतं. मी तात्यांना म्हणालो, "तात्या, ती हाडं माज्या अभ्यासाची व्हती. दुसऱ्याची, मागून आनल्याली. त्यांच्याबिगर परीक्षा हुनार न्हाय. आता मला परत जाता यायचं न्हाय." ते सगळं खरंही होतं आणि खोटंही. तात्यांचा चेहरा मी पाहिला. मोडलेल्या हाडावर हात पडला की माणसाचा चेहरा होतो तसा झाला. ते उठले. पटका काढून बाजेवर ठेवला आणि घरात गेले. बारामतीला मी होकार देऊन आलो आहे, हे मी सांगितलं नाही. पोराचं शिक्षण आपल्या हातून बुडालं, असं त्यांना वाटतंय हे मला दिसत होतं, आणि मी ते वाटू दिलं. दोन दिवस वाटू दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी मला हाक मारली. ते ओट्यावर उन्हात बसले होते, बंडी काढून, उघडे. अंगावर मांस असं नव्हतंच. "म्हादू, पुस्तक आन," ते म्हणाले. "हाडं माज्यातबी हायती की. बग, मोज, काय करायचं ते कर. त्या बाईपरास दोन-चार जास्तच निगतील."

मी नको म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते तसेच बसले. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. चुलती म्हणाली, "थंडी वाजंल, बंडी घाला." ते म्हणाले, "पोरगं येईस्तवर बसतो." त्याच्या पुढच्या दिवशी मी पुस्तक घेऊन बाहेर आलो. अभ्यासासाठी नव्हे. ते असे उघडे बसलेले बघवत नव्हते, म्हणून.

पहिल्यांदा हात लावला तेव्हा म्हणाले, "गार हाय, घास." मी तळहात घासले. मग पुस्तकातलं नाव वाचायचो आणि ते हाड त्यांच्या अंगावर शोधायचो. पाठीवरचा फरा, त्याची कडा, खांद्याचं टोक. नाव मोठ्यानं वाचलं की तात्या म्हणायचे, "येवढंसं हाड आन् नाव केवढं!" बरगड्या मोजताना त्यांनी मला थांबवलं आणि किती आहेत म्हणून विचारलं. बारा, म्हणालो. "मेंढराला तेरा असत्यात," ते म्हणाले. "मंजी मेंढरू आपल्या वर एक हाय." नडगी, घोटा, टाच. टाचांना भेगा होत्या, खोल, काळ्या, माती बसलेल्या. मी हात मागं घेतला. त्यांनी विचारलं, काय झालं? मी काही नाही म्हणालो आणि पुन्हा हात ठेवला. टाच गरम होती. उन्हानं असेल... त्या टाचेवर हात ठेवून मी किती वेळ बसलो, ते मला सांगता यायचं नाही. तात्यांनीही पाय हलवला नाही.

डाव्या हासळीशी आलो की ते दरवेळी सांगायचे, "ही नीट बग. असली पुस्तकात न्हाय घावायची. म्हातारी तर हिच्यावर डोकं ठिवीना झालीय, टोचतं म्हनती." चुलती आतून म्हणायची, "लाज कशी न्हाय वाटत पोराम्होरं?" तात्या डोळे मिटूनच हसायचे. सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी हे चाललं. शेवटी शेवटी मीही डोळे मिटून बोटं चालवायला लागलो आणि तात्या माझी परीक्षा घ्यायला लागले. बारामतीचं कार्ड आलं नाही. संस्थेनं नकार दिला असेल, असं मी धरून चाललो. कार्ड आलं असतं तर काय केलं असतं, ते आज सांगता येत नाही. नाही आलं, म्हणून मी पुण्याची गाडी धरली.

जोगळेकरला जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मग त्यानं कोणता संगम, एवढंच विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. माझ्याच्यानं झालं नसतं." दुसऱ्या संचाची व्यवस्था त्यानंच कुठून तरी केली. परीक्षेत डेमॉन्स्ट्रेटरनी माझ्या हातात नेमकी हासळी ठेवली आणि विचारलं, कुठल्या बाजूची? मी डोळे मिटून बोट फिरवलं. डावी होती हे लगेच कळलं, पण मी पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिलो. काहीतरी चुकत होतं. हाड सरळ होतं. गाठ नव्हती... "येत नाही का?" त्यांनी विचारलं. मी डोळे उघडले आणि डावी म्हणालो. मी पास झालो. मग पुढची टर्म, पुढचं वर्ष, असं करत डॉक्टर झालो आणि नेमणूक मागताना इंदापूर मागून घेतलं. बरोबरीची मुलं मुंबईला गेली, एक-दोघं विलायतेला. त्यांनी इंदापूर का म्हणून विचारलं, तेव्हा घर जवळ आहे असं सांगितलं.

तात्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी सावडायला वडील, मी आणि भावकीतले चौघे गेलो. राखेवर दूध शिंपडलं आणि वडील हाडं वेचायला लागले. मीही बसलो. मला रडू येईल असं सगळ्यांना वाटत होतं. मी मात्र हाड हाताला लागलं की मनात नाव घेत होतो. मणका, उजवी बरगडी, घोट्याचं. माझी इच्छा नव्हती, पण नावं येत होती, क्रमानं, पाठ केल्यासारखी. मग एक बोटभर लांबीचा तुकडा लागला, पांढरा, मध्ये फुगलेला. बघायची गरज नव्हती. मी तो तळहातावर घेऊन बसून राहिलो. वडील म्हणाले, "म्हादू, टाक त्यात." मी टाकला. दुसऱ्या दिवशी मडकं मांडीवर घेऊन एस.टी.नं नरसिंहपूरला गेलो. कंडक्टरनं काही विचारलं नाही. संगमावर पाणी संथ होतं. ते सात वर्षांपूर्वीचं दोन दिवसांचं खोटं तिथं तरी तात्यांना सांगावं, असं वाटभर मनात होतं. सांगितलं नाही. मडकं रिकामं केलं, हात धुतले, परतीची गाडी विचारली.

दिवस झाल्यावर चुलतीनं तात्यांच्या वस्तू काढल्या. फार नव्हत्याच. काठी, दोन पटके, मोडलेल्या हाडाला बांधायच्या बांबूच्या कामट्या, चंची. चंचीच्या आतल्या कप्प्यातून तिनं एक घडी घातलेलं पोस्टकार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. घड्यांवर झिजून फाटायला आलेलं, कातानं डागाळलेलं. हेडमास्तरांचं अक्षर मी लगेच ओळखलं. संस्थेनं होकार दिला आहे, सुट्टी संपताच रुजू व्हावं, असं होतं.

मी चुलतीला विचारलं, हे कधी आलं होतं? ती म्हणाली, "तू बारामतीस्नं आल्यावर दोन दिसांनी. पोस्टमनाकडनं वाचून घेतलं त्यांनी."

दोन दिवसांनी... म्हणजे ते ओट्यावर उघडे बसले, त्याच्या आदल्या दिवशी.

"मग मला का न्हाय सांगितलं?" मी म्हणालो.

"म्या म्हनलं त्यास्नी, पोराला सांगा," ती म्हणाली. "तर म्हनलं, त्याला एकडाव हात लावू दे. त्यातनंबी जातो म्हनला, तर देतो कार्ड."

तिनं चंची झटकली, उरलेली सुपारी काढून घेतली आणि चंची धुवायला टाकली. कार्ड मी खिशात ठेवलं. इंदापूरला आलो, दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला.

तेव्हापासून काम एक दिवसही थांबलेलं नाही. मात्र एक सवय लागली आहे आणि ती माझ्याही उशिरा लक्षात आली. पोटदुखीचा रोगी असो, तापाचा असो, आधी मी तळहात घासतो आणि मग माझं बोट त्याच्या डाव्या हासळीवर जातं. टोकापासून टोकापर्यंत फिरतं. इथल्या लोकांना ती डॉक्टरांची काहीतरी नवी पद्धत वाटते. परवा एक म्हातारा खोकला घेऊन आला होता. बाकावर बसल्या बसल्या त्यानं आपणहून सदऱ्याची वरची गुंडी सोडली आणि मान उजवीकडं वळवून बसला. मी बोट ठेवलं. हाड सरळ होतं. मग त्याला श्वास घ्यायला सांगितलं.